आठवड्याची सुट्टी आणि भूतान : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात विचारलं होतं की दिवाळीच्या सुट्टीत कुठं निघालाय, तर पत्रांमध्ये आणि मेसेजमध्ये सगळ्यात जास्त नाव भूतानचं आलं. कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज, जयसिंगपूर, सगळीकडनं. सगळे प्रश्न छापायला जागा नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. माझं एक मत आधीच सांगून टाकते, कारण पुढची बहुतेक उत्तरं त्यातनंच आलीत. हातात आठवडाच असेल तर पारो, थिंफू आणि पुनाखा एवढंच करा, चौथं नाव यादीत घालू नका.

आम्ही दोघं आणि दोन मुलं. ट्रॅव्हलवाल्यानं पाच रात्रींत पारो, थिंफू, पुनाखा, हा (हे एका खोऱ्याचं नाव), फोबजिखा आणि बुमथांग असा प्लॅन दिलाय, जमेल का? – राजारामपुरी

ताई, कागदावर जमतंय, गाडीत बसल्यावर जमत नाही. नकाशात ही गावं जवळजवळ दिसतात पण मधे डोंगर आहेत आणि रस्ता डोंगराला वळसे घालत जातो, थिंफू ते पुनाखा फक्त ७५ किलोमीटर आहे तरी अडीच-तीन तास लागतात, वाटेत दोचुला खिंडीत थांबलात (आणि थांबायचंच आहे) तर अर्धा दिवस गेला म्हणून समजा. बुमथांग तर देशाच्या मध्यभागी आहे, एक अख्खा दिवस जायला, एक अख्खा दिवस यायला, म्हणजे पाच रात्रींतले दोन दिवस मुलं गाडीत उलट्या करणार. फार सुंदर आहे ते, पण त्यासाठी दहा-बारा दिवस काढून वेगळं जा.

मी तुमच्या जागी असते तर थिंफूत दोन रात्री, पुनाखात एक आणि पारोत दोन अशा पाच रात्री केल्या असत्या. थिंफूत पहिल्या दिवशी काहीच जास्त करायचं नाही, संध्याकाळी नॅशनल मेमोरियल छोर्तेनला जाऊन बसायचं. तिसऱ्या राजांच्या आठवणीत १९७४ मध्ये बांधलेला हा स्तूप आहे, तिथली म्हातारी माणसं दिवसभर हातात माळ घेऊन त्याला प्रदक्षिणा घालत असतात, आपणही त्यांच्या मागनं चालायचं. दुसऱ्या दिवशी मुलांना टाकिन बघायला न्या, तो त्यांचा राष्ट्रीय प्राणी, अंगानं बैलासारखा आणि तोंड बकरीचं, मुलं खूश होतात. थिंफूच्या पोस्टात स्वतःचा फोटो छापलेलं तिकीट करून मिळतं, ते लावून आजी-आजोबांना कोल्हापूरला पत्र टाकायला लावा. आणि कुठं तिरंदाजी चालू दिसली तर गाडी थांबवा, तो त्यांचा राष्ट्रीय खेळ आहे, जवळपास १४५ मीटरवरच्या छोट्याशा लाकडी फळीवर नेम धरतात आणि बाण लागला की सगळी टीम तिथंच गाणं म्हणत नाचते.

पुनाखाला दोन नद्यांच्या मधे मठ आणि किल्ला एकत्र असलेली इमारत आहे, तिला झोंग म्हणतात. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम घाटावर बसून बघतो ना, तसं इथं फो छू आणि मो छू या दोन नद्यांचा संगम झोंगच्या अगदी पायाशी आहे. भूतान एकत्र करणारे धर्मगुरू झाबद्रुंग न्गावांग नामग्याल यांनी १६३७-३८ मध्ये तो बांधला, १९५५ पर्यंत देशाची राजधानी पुनाखाच होती, आणि पहिल्या राजांचा राज्याभिषेकही इथंच १९०७ मध्ये झाला. म्हणून म्हणते की तिथं सकाळी जा, गर्दीच्या आधी, आणि दोन तास तरी द्या, नुसतं पुलावर फोटो काढून परत फिरू नका.

कोल्हापुरातनं जायचं कसं? विमान की रेल्वे? – शाहूपुरी, कळंबा आणि इचलकरंजीहून बऱ्याच जणांनी विचारलंय

भूतानला विमानानं उतरायचं तर पारो. तिथं भूतानच्याच ड्रुक एअर आणि भूतान एअरलाइन्सची विमानं जातात, आपल्याकडनं दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, बागडोगरा अशा ठिकाणांहून, सगळीकडनं रोज असतीलच असं नाही म्हणून आधी पारोचं तिकीट बघा आणि मग कोल्हापूर किंवा पुण्याहून पुढचं जुळवा, उलटं करू नका. पारोचं विमानतळ २२३५ मीटर उंचीवर आहे, चारी बाजूंनी डोंगर, पायलटला दरी डोळ्यांनी बघतच उतरावं लागतं म्हणून विमानं फक्त दिवसा उतरतात आणि हवा बिघडली की थांबतात. तर परतीच्या दिवशी लगेच पुढचं विमान पकडायचं असं ठेवू नका, मधे एक रात्र सोडा.

पैसे वाचवायचे तर बागडोगऱ्यापर्यंत साधं विमान, तिथनं गाडीनं चार-पाच तासांत जयगाव, आणि जयगावातनं पायी सीमेपलीकडं गेलं की भूतानचं फुंटशोलिंग. किंवा सियालदाहून रात्रीची कांचन कन्या एक्सप्रेस, ती सकाळी हासीमाराला सोडते, तिथनं जयगाव अगदी जवळ. कोल्हापूर ते कोलकाता मात्र रेल्वेनं करू नका, सुट्टी त्यातच संपेल. मला स्वतःला सगळ्यात आवडणारा मार्ग म्हणजे जाताना विमानानं पारोला आणि येताना गाडीनं फुंटशोलिंगला उतरणं, कारण थिंफूच्या २३०० मीटरवरनं फुंटशोलिंगच्या ३०० मीटरच्या आसपास येताना पाइनची झाडं संपून ढगातलं जंगल लागतं आणि मग केळी-सुपारी, चार-पाच तासांत झाडी अशी बदलताना दुसरीकडं बघायला मिळत नाही.

आपण शेजारी देशाचे, व्हिसा लागत नाही म्हणतात, मग माणशी रोजचे १२०० रुपये कशाचे घेतात? हे पटत नाही. – गडहिंग्लज

दादा, प्रश्न रास्त आहे आणि माझं उत्तर जरा लांब होणार आहे, कारण हे मला मनापासनं सांगायचंय.

आधी हिशेब. या पैशाला शाश्वत विकास शुल्क म्हणतात, एसडीएफ. भारतीयांना माणशी एका रात्रीचे १२०० रुपये, सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मे म्हणजे ६००, त्याहून लहानांना काही नाही. दोघं नवरा-बायको, एक दहा वर्षांचं आणि एक चार वर्षांचं मूल, पाच रात्री, तर १२ हजार अधिक ३ हजार, झाले १५ हजार. हॉटेल, गाडी, जेवण वेगळं. युरोप-अमेरिकेतनं येणाऱ्याला हेच शुल्क रात्रीला १०० डॉलर आहे, २०२२ मध्ये देश पुन्हा उघडला तेव्हा तर २०० डॉलर होतं.

आता कशासाठी. भूतानची लोकसंख्या आठ लाखसुद्धा नाही, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा कितीतरी कमी. तिथं सरकारी दवाखाना आणि शाळा फुकट आहेत आणि देशाची किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे असं त्यांच्या २००८ च्या राज्यघटनेतच लिहिलंय. झाडं वाटेल तशी तोडून विकायची नाहीत, मोठे कारखाने फारसे नाहीत, मग पैसा येणार वीज विकून आणि पाहुण्यांकडनं. १९७४ मध्ये त्यांनी पर्यटकांना दार उघडलं तेव्हापासनंच धोरण असं की माणसं कमी यावीत पण आली ती नीट राहून जावीत. आपण मात्र २०२० पर्यंत हे शुल्क भरत नव्हतो आणि शेवटच्या काही वर्षांत गाड्या भरभरून जात होतो.

आणि एक गोष्ट आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी तर विसरूच नये. दोचुला खिंडीत १०८ छोर्तेन आहेत, २००३ च्या डिसेंबरमध्ये भूतानच्या सैन्यानं आसामच्या अतिरेक्यांचे तळ भूतानच्या जंगलातनं उठवले, त्यात जे सैनिक गेले त्यांच्या स्मरणार्थ राजमाता आशी दोरजी वांगमो वांगचुक यांनी ते उभारले. ते तळ आपल्या देशाविरुद्ध लढणाऱ्यांचे होते. २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातलाच एक बाइकवाला त्यातल्या एका छोर्तेनवर चढून उभा राहिला आणि फोटो काढून घेतला, तो फोटो सगळ्या भूताननं बघितला. त्याला पकडलं, माफी मागितल्यावर सोडून दिलं. आपल्या एखाद्या हुतात्मा स्मारकावर कुणी असं चढलं असतं तर आपण सोडलं असतं का? तर १२०० रुपये द्या, आणि दिलेत म्हणून हक्कानं वागू नका एवढंच माझं मागणं आहे. छोर्तेन कायम उजव्या हाताला ठेवून फिरायचं, झोंगमध्ये पूर्ण बाह्यांचा कॉलरवाला शर्ट आणि पूर्ण पँट, टोपी काढायची, आणि देवळाच्या आत मोबाईल काढायचाच नाही.

शुल्क रात्रीवर आहे म्हणून लोक रात्री कमी करतात आणि गावं तेवढीच ठेवतात, आणि मग नुसती पळापळ होते. रात्र कापायची तर एक गावही कापा.

आधार कार्डावर चालतं का? मुलांचं काय? – जयसिंगपूर

आधार चालत नाही. पासपोर्ट, तोही निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला, किंवा मतदार ओळखपत्र, मूळ, झेरॉक्स नाही. अठराच्या आतल्या मुलांना पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला, आणि दाखला इंग्रजीतही लिहिलेला हवा, आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर बऱ्याचदा फक्त मराठी असतं, तर आत्ताच महापालिकेत किंवा नगरपालिकेत जाऊन नवीन काढून घ्या, दिवाळीच्या तोंडावर नको. मतदार कार्डावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच असू दे, एकीकडं वडिलांचं नाव आणि दुसरीकडं नाही असं झालं की उगाच खोळंबा. प्रवेश परवाना घरनंच ऑनलाइन काढून ठेवा. मुलांबरोबर आई-वडील नसतील, आजी-आजोबाच नेणार असतील तर आई-वडिलांचं संमतीपत्र जवळ ठेवलेलं बरं.

आईचं वय ६८, गुडघे दुखतात, थोडं बीपी आहे. तिला तो कड्यावरचा मठ बघायचाच आहे. न्यावं का? – मंगळवार पेठ

आईंची इच्छा आहे हे वाचून फार बरं वाटलं, तर नीट सांगते.

तो मठ म्हणजे पारो ताक्तसांग. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून तिबेटातनं इथं उडत आले आणि या गुहेत ध्यानाला बसले अशी श्रद्धा आहे, गुहेभोवती मठ बांधला तो १६९२ मध्ये. १९९८ च्या एप्रिलमध्ये आग लागून मुख्य भाग जळाला आणि त्यांनी तो जसा होता तसाच पुन्हा उभा केला, २००५ पर्यंत काम चाललं. ३१२० मीटर उंचीवर आहे, दरीच्या तळापासनं जवळजवळ ९०० मीटर वर. गाडी साधारण २६०० मीटरपर्यंत जाते, पुढं चालत. निम्म्या वाटेवर एक कॅफेटेरिया आहे, तिथपर्यंत घोडं मिळतं, आणि समोर कड्यावर मठ स्पष्ट दिसतो. त्याच्या पुढं घोडं नाही. पुढं चढ, मग मठ अगदी हाताशी दिसत असताना शेकडो पायऱ्या खाली उतरायच्या, धबधब्याजवळचा पूल ओलांडायचा आणि पुन्हा तेवढ्याच वर चढायच्या. आणि येताना हे सगळं उलट, शिवाय उतरताना घोडं देत नाहीत. धडधाकट माणसालासुद्धा जाऊन-येऊन चार-पाच तास लागतात.

गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरण्याचा त्रास जास्त. म्हणून माझं मत असं की आईंना मठापर्यंत नेऊ नका. कॅफेटेरियापर्यंत न्यायचं का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि न्यायचंच तर घोड्यावरनं वर नेल्यावर खाली चालत यायचंय हे त्यांना आधी सांगा. उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो, राहायची गावं त्याच्या खाली आहेत म्हणून घाबरायचं कारण नाही, पण ताक्तसांग पहिल्या दिवशी नको, शेवटून दुसऱ्या दिवशी ठेवा, तोपर्यंत अंगाला सवय होते. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुठल्याच नकोत.

कॅफेटेरियापर्यंतही जमत नसेल तर पारो खोऱ्यातच क्यिचू ल्हाखांग आहे, सातव्या शतकातलं मंदिर, चढायचं काही नाही, बागेत संत्र्याची झाडं आहेत, आत दिवे लावता येतात. तुम्ही ताक्तसांगला गेलात तेवढा वेळ आई तिथं कुणाबरोबर तरी शांत बसू शकतात. खालनं, पार्किंगजवळनं सकाळी मठ दिसतो तेवढं दर्शन घडवाच. थिंफूची मोठी बुद्धमूर्ती, पन्नास मीटरहून उंच, तिथंही गाडी जवळपर्यंत जाते. पुनाखा झोंगच्या दारात मात्र उभा लाकडी जिना आहे, तिथं हात धरा.

तुम्ही स्वतः चढणार असाल तर आत्तापासनं आठवड्यातनं दोनदा जोतिबाचा डोंगर पायी चढा, आणि चालत उतरा.

दिवाळीत की मे महिन्यात? – बऱ्याच जणांचा प्रश्न

दिवाळीत. ऑक्टोबरच्या शेवटापासनं नोव्हेंबरभर आकाश धुतल्यासारखं असतं आणि दोचुलावरनं हिमालयाची रांग दिसते, त्यातच गांगखार पुएनसुम, ७५७० मीटर, अजून एकही माणूस ज्याच्या माथ्यावर गेलेला नाही असा जगातला सगळ्यात उंच डोंगर. मे मध्ये हवा गरम-छान असते, पण दुपारी ढग येतात आणि शिखरं दिसतीलच असं नाही. जून ते सप्टेंबर नको, दरडी कोसळून फुंटशोलिंगचा रस्ता बंद पडतो. दिवाळीत जाताना स्वेटर आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट दोन्ही घ्या, दिवसा ऊन लागतं आणि सूर्य डोंगराआड गेला की थंडी एकदम पडते. पुनाखा १२०० मीटरच्या आसपास आहे, तिथं मात्र कोल्हापूरच्या थंडीचेच कपडे पुरतात.

आमच्या घरात निम्मे शाकाहारी, निम्मे तांबड्या-पांढऱ्याशिवाय न जेवणारे. खायचं काय? – उजळाईवाडी

कोल्हापूरच्या माणसाला भूतानचं जेवण लगेच आवडतं, हे मी खात्रीनं सांगते. त्यांचं मुख्य जेवण एमा दात्शी, म्हणजे मिरच्या आणि चीज. मिरची तिथं मसाला म्हणून नाही, भाजी म्हणून घालतात, अख्खी, उभी चिरून, वाटीभर. सोबत लाल तांदळाचा भात. पारोत दिवाळीच्या आधी घरांच्या पत्र्यांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात, तेव्हा सगळं खोरं लाल दिसतं. तिखट नको असेल तर केवा दात्शी म्हणजे बटाट्याची आणि शामू दात्शी म्हणजे अळंब्यांची, मुलांना ती चालते. हे सगळं शाकाहारीच, फक्त कधी कधी भाजीत सुकं मांस घालतात म्हणून सांगताना स्पष्ट सांगा. थिंफू-पारोत भारतीय शाकाहारी हॉटेलं आहेत. लोणी आणि मीठ घातलेला चहा, सुजा, एकदा तरी प्या, चहा म्हणून नाही तर सूप म्हणून प्या म्हणजे आवडेल.

तंबाखूबद्दल एका काकांनी वेगळं विचारलंय. विक्रीवरची बंदी २०२१ मध्ये उठली, पण सार्वजनिक ठिकाणी ओढायला मनाई आहे, आणि झोंग, मठ, छोर्तेनच्या आसपास मळणं-थुंकणं अजिबात करू नका काका.

पैसे बदलावे लागतात का? फोन चालतो का?

त्यांचं न्गुल्ट्रम आणि आपला रुपया एकाच किमतीचे, आपल्या नोटा दुकानात घेतात, १०० च्या नोटा जास्त ठेवा. मोठ्या दुकानांत यूपीआय चालतं, २०२१ पासनं, पण त्यावर विसंबून राहू नका. उरलेले न्गुल्ट्रम जयगावपर्यंतच चालतात, तिथंच संपवा. तिथलं सिम घेतलेलं स्वस्त पडतं. घड्याळ अर्धा तास पुढं करा.

आम्ही सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत. भूतानमध्ये एखादं सहा हजार मीटरचं शिखर करता येईल का? – आजरा

नाही. सहा हजार मीटरच्या वरच्या शिखरांवर चढायला १९९४ पासनं बंदी आहे आणि २००३ पासनं गिर्यारोहणच बंद आहे, कारण शिखरांवर देव राहतात ही तिथल्या लोकांची श्रद्धा. ती मोडायची नाही. ट्रेक मात्र आहेत, पारोकडनं थिंफूला डोंगरावरनं जाणारा ड्रुक पाथ पाच-सहा दिवसांचा, त्यात तळी लागतात. आणि ४०३ किलोमीटरची जुनी पायवाट, ट्रान्स भूतान ट्रेल, २०२२ मध्ये दुरुस्त करून उघडलीय, तिचा एका दिवसाचा तुकडा दोचुलावरनं पुनाखाकडं उतरताना करता येतो. तुम्हाला तोच सुचवेन.

त्यापेक्षा नेपाळ बरं नाही का? स्वस्त पडेल. – कागल

स्वस्त नक्कीच पडेल, रोजचं शुल्क नाही. घरातल्या मोठ्यांना पशुपतीनाथाचं दर्शन हवं असेल, किंवा मुक्तिनाथ मनात असेल तर बेलाशक नेपाळला जा, पोखऱ्याहून सकाळी अन्नपूर्णाची रांग जेवढी जवळ दिसते तेवढी भूतानात कुठंच दिसत नाही. पण काठमांडूची गर्दी आणि धूळ आहे, आणि शांतपणे चार दिवस बसायचं असेल तर भूतान.

स्वतःची गाडी घेऊन गेलो तर? – हुपरी

नका. आपल्या नंबरप्लेटच्या गाडीला दिवसाला ४५०० भरावे लागतात, एसडीएफ वेगळा. तिथली टॅक्सी करा, ड्रायव्हर रस्ता ओळखतो आणि पैसे गावातल्या माणसाला मिळतात.

दिल्लीहून पारोच्या विमानात खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी? – रंकाळा

जाताना डाव्या बाजूची, येताना उजव्या. हवा स्वच्छ असली तर एव्हरेस्ट आणि कांचनगंगा दोन्ही दिसतात. सीट आधी निवडता येत नसेल तर विमानतळावर लवकर जाऊन काउंटरवर सांगून घ्या, आणि खिडकी मुलांना द्या.